मोत्याच्या अंगावर गाठ? आधी पाय मोजा!

नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात. पोटावर दोन रांगा, बहुतेकदा आठ ते दहा. एवढीशी गोष्ट माहीत नसल्यामुळे आजवर किती नरांना विनाकारण कळवळावं लागलं असेल, देव जाणे. पोटावर काळसर, बसकी पुटकुळी दिसते, घरातलं कुणीतरी हौशी माणूस चिमटा घेऊन 'गोचीड' उपटायला बसतं, गोचीड काही निघत नाही आणि शेवटी मोत्या हात धरतो. यात मोत्याचा काय दोष? ओळखायची खूण सोपी आहे. केस बाजूला सारायचे, मोबाईलचा टॉर्च मारायचा आणि पाय शोधायचे. मोठ्या गोचिडाला आठ पाय असतात, स्तनाग्राला एकही नसतो.

राजूर म्हटलं की जालना जिल्ह्यात आधी गणपती आठवतो. साडेतीन गणेशपीठांपैकी हे एक पूर्ण पीठ. अंगारकीला जालन्याहून पंचवीसेक किलोमीटर पायी चालत येणारे भक्त रात्रभर रस्त्याने दिसतात. देवाचं वाहन उंदीर असलं तरी आपला आजचा विषय कुत्रा आहे, कारण भोकरदन तालुक्याच्या या पट्ट्यात शेतवस्तीवर राखणीला कुत्रं नाही असं घर शोधावं लागेल. आणि कुत्र्याच्या अंगावर गाठ, फोड, पुळी, गांध उठायला लागणारं सगळं साहित्य इथे हाताशी आहे: शेजारी गोठा, बांधाला बाभूळ, पावसाळा सरता सरता वाळलेलं कुसळी गवत, उन्हाने तापलेली फरशी आणि गल्लीतली भांडखोर मित्रमंडळी.

गाठी नसलेल्या गाठी

स्तनाग्रांसारखे आणखी काही फसवे उंचवटे आहेत. कुत्र्याच्या गालावर बारीक मसासारखा उंचवटा असतो आणि त्यातून एक-दोन लांब राठ केस बाहेर आलेले असतात. तो मस नाही, मिशांचाच भाग आहे. दुसऱ्या गालावर बघा, तिथेही सापडेल. छाती संपून पोट सुरू होतं तिथे मधोमध हाताला एक टणक टोक लागतं, ते छातीच्या हाडाचं टोक. बारीक कुत्र्यात ते इतकं स्पष्ट लागतं की मालक घाबरून थेट दवाखाना गाठतो. पिल्लाच्या बेंबीवर मऊ फुगवटा असेल आणि दाबल्यावर तो आत जात असेल तर तो हर्निया. तो डॉक्टरांना दाखवून ठेवावा, पण त्यावर लेप लावून काही होत नाही. आणि रेबीजची लस टोचलेल्या जागी छोटी घट्ट गाठ आली तर ती बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जिरते.

घामोळंही यादीतून काढून टाका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो येतो फक्त तळपायांच्या गाद्यांना. उन्हाळ्यात पोटावर पुरळ उठलं म्हणून घामोळ्याची पावडर फासणाऱ्यांनी हे वाचावं आणि पावडर स्वतःला ठेवावी.

तीन वेळा जेवणारा पाहुणा

आता खरा गोचीड. हा कीटक नाही, कोळी आणि विंचू यांच्या गोतावळ्यातला आहे. अंड्यातून निघतो तेव्हा त्याला सहाच पाय असतात, कात टाकल्यावर आठ होतात. कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड जगात सर्वाधिक पसरलेल्या गोचिडांपैकी एक. आयुष्यात तो तीनदाच जेवतो, तिन्ही वेळा रक्त आणि बहुधा तिन्ही वेळा कुत्र्याचंच. दोन जेवणांच्या मधला काळ मात्र तो कुत्र्याच्या अंगावर नसतोच. पोट भरलेली मादी फुगून एरंडीच्या बीसारखी दिसायला लागते, गळून पडते, जमिनीवरून चालत भिंतीशी जाते आणि भिंत चढते. मग भेगेत किंवा चौकटीच्या फटीत हजारोंनी अंडी घालून मरते.

म्हणून ज्या घरात दर रविवारी कुत्र्याचे गोचीड वेचले जातात आणि पुढच्या रविवारी तितकेच पुन्हा सापडतात, त्या घराने कुत्र्याकडे कमी आणि भिंतीकडे जास्त बघावं. दगड-मातीच्या जुन्या भिंती, पत्र्याच्या शेडचे सांधे, कुत्रं बसतं ती गोणपाटाची घडी, ही गोचिडाची खरी घरं. भेगा लिंपल्या तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. उपाशी गोचीड महिनोन् महिने वाट बघत बसू शकतो, त्यामुळे 'दोन महिने कुत्रं नव्हतं, आता गेले असतील' या भ्रमात राहू नये.

गोठ्यातल्या गाईला मात्र उगाच दोष दिला जातो. गाई-म्हशींवर दिसणारे गोचीड बहुधा वेगळ्या जातींचे असतात. कुत्र्याचा गोचीड कुत्र्याशीच इमान राखून असतो.

काढायचा कसा? चिमट्याने, कातडीला अगदी लागून धरून, सरळ आणि सावकाश ओढून. काडी पेटवून चटका देणे, रॉकेलचा बोळा लावणे, बोटांत चिरडणे, तिन्ही प्रकार बंद. गोचीड निघाल्यावर त्या जागी टणक बारीक गाठ उरते. 'तोंड आतच राहिलं' म्हणून लोक सुईने कोरत बसतात. बहुतेक वेळा ती कातडीची सूज असते आणि काही दिवसांत बसते. काळजी करायची ती गाठीची नाही, तापाची. गोचीड चावल्यानंतर कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्त येतं किंवा लघवी गडद होते, असं दिसलं तर तो गोचीडताप असू शकतो. त्याला औषध आहे, पण वेळेत दिलं तरच.

पिसवांचं थोडक्यात सांगतो. कुत्र्यावर सापडणारी पीस जगभरात बहुतेकदा मांजराच्या जातीची निघते. काही कुत्र्यांना तिच्या लाळेचं इतकं वावडं असतं की दोन-चार पिसवाही शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर पुरळ उठवायला पुरतात. पीस हाती लागत नसेल तर केसांतली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवा. लालसर डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

लंपी? नाही हो

२०२२ साली लंपीने महाराष्ट्रातल्या गोठ्यांची झोप उडवली. तेव्हापासून कुत्र्याच्या अंगावर गाठी दिसल्या की 'यालाही लंपी झाला का' हा प्रश्न येतोच. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. तो विषाणू गाई-म्हशींचा, कुत्र्याला तो होत नाही.

लूत, जळकं ऑईल आणि जपानची माती

कानाच्या कडा, कोपरं, पोट. केस गेलेले, कातडी जाड झालेली, बारीक पुळ्या आणि रात्रंदिवस खाज. ही लूत. कातडीत बोगदे खणणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचं हे काम. यासाठी एक गमतीची चाचणी पशुवैद्यही करतात: कुत्र्याच्या कानाची कड बोटांत धरून हलकेच चोळायची. मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला तर संशय पक्का होतो. हे किडे माणसालाही चावतात आणि हातावर, पोटावर पुरळ उठतं, पण माणसाच्या अंगावर त्यांची पैदास होत नाही. कुत्रं बरं झालं की माणूसही बरा होतो.

लुतीचा एक भाऊबंदही आहे, डेमोडेक्स. हा किडा जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी असतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत दूध पिताना आईकडून तो पिल्लाकडे येतो आणि आयुष्यभर गपगुमान राहतो. प्रतिकारशक्ती ढासळली की डोळ्यांभोवती, पंजांवर केस जातात आणि फोड येतात. तो माणसाला लागत नाही. किळस करण्याआधी एवढं लक्षात असू द्या: माणसाच्या चेहऱ्यावरही त्याच्या स्वतंत्र जाती नांदतात. हो, तुमच्याही.

आता जळकं ऑईल. गॅरेजमधून बाटलीभर आणायचं आणि लूत लागलेल्या कुत्र्याच्या अंगावर ओतायचं, हा गावोगावचा 'रामबाण' उपाय. माझं मत विचाराल तर याइतका वाईट इलाज शोधून सापडणार नाही. त्यात इंजिनाच्या धातूंचा भुगा असतो, विषारी रसायनं असतात. कातडी भाजते, आणि कुत्रं ते सगळं चाटून पोटात घेतं. खाज थांबल्यासारखी वाटते, कारण कुत्रं मरगळून पडलेलं असतं. कपाशीवरच्या फवारणीचं औषध लावणं हा तर सरळ विषप्रयोग.

खरं औषध आलं मातीतून. १९७० च्या दशकात सातोशी ओमुरा या जपानी शास्त्रज्ञाने शिझुओका भागातल्या एका गोल्फ मैदानाजवळची माती उचलली. तिच्यातल्या जिवाणूपासून पुढे अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने आयव्हरमेक्टिन घडवलं. जनावरांच्या गोचीड-जंतांपासून माणसाच्या नदी-अंधत्वापर्यंत त्याने इतकं काम केलं की दोघांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण गोठ्यातली गुरांची बाटली घेऊन अंदाजाने कुत्र्याला टोचू नका. कोलीसारख्या काही मेंढपाळी जातींत एक जनुक बिघडलेलं असतं. अशा कुत्र्यांच्या मेंदूत हे औषध घुसतं आणि कुत्रं लडखडून, बेशुद्ध होऊन मरू शकतं. जर्मन शेफर्डमध्येही काहींत तो दोष सापडतो. २००१ मध्ये अमेरिकेत या जनुकाचा छडा लागला. तिकडच्या पशुवैद्यांत त्याआधीपासून एक सोपा नियम होता: पाय पांढरे दिसले तर हे औषध द्यायचं नाही. आपल्याकडे गावठी आणि विलायती रक्ताची सरमिसळ कुठे कशी झाली आहे हे कुणाला ठाऊक? डोस डॉक्टरांनीच ठरवावा.

इनामगावच्याही आधी मेलेला कुत्रा

या सगळ्या यादीत मला सर्वांत थक्क करणारी गाठ ही आहे. भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर, कधी नाकावर, लालभडक, सहज रक्त येणारी, फुलकोबीच्या वळणाची गाठ दिसते. हा कर्करोग आहे आणि तो संसर्गजन्य आहे. समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून एका कुत्र्याच्या जिवंत कर्कपेशी दुसऱ्याच्या अंगात रुजतात आणि वाढतात. विषाणू नाही, जिवाणू नाही, पेशीच प्रवास करतात. असे कर्करोग निसर्गात बोटांवर मोजण्याइतके: टास्मानियन डेव्हिलचे, काही शिंपल्यांचे आणि कुत्र्यांचा हा.

म्हणजे राजूरच्या गल्लीतल्या कुत्र्याच्या अंगावरची ही गाठ त्याची स्वतःची नसतेच. जगातल्या अशा सगळ्या गाठी एकाच मूळ कुत्र्याच्या पेशींच्या वंशातल्या आहेत. केंब्रिजच्या संशोधकांनी ४३ देशांतल्या ५४६ गाठींचा डीएनए तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष काढला: तो मूळ कुत्रा ४ हजार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियात होऊन गेला. महाराष्ट्रात इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वस्ती उभी राहिली त्याच्याही आधी तो मेला, पण त्याच्या पेशी आजही चालत-फिरत आहेत. सुमारे ५०० वर्षांपूर्वी युरोपीय जहाजांतल्या कुत्र्यांबरोबर त्या अमेरिकेलाही पोचल्या. कर्करोगाची गाठ एका प्राण्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवण्याचा पहिला यशस्वी प्रयोगही याच गाठीवर झाला, १८७६ साली, रशियात, नोविन्स्की नावाच्या पशुवैद्याच्या हातून.

आणि इलाज? तो आपल्या अंगणात उभा आहे. या गाठीवर दिलं जाणारं व्हिन्क्रिस्टिन हे इंजेक्शन सदाफुलीपासून मिळतं. मूळची मादागास्करची ही जांभळी-पांढरी फुलं आज आपल्याकडे तुळशीशेजारी, शाळेच्या कुंपणाला, कुठेही दिसतात. आठवड्याला एक याप्रमाणे बहुधा चार ते सहा इंजेक्शनं, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. इतक्या चांगल्या रीतीने बरा होणारा कर्करोग विरळाच. फक्त कुणी सदाफुलीचा पाला वाटून कुत्र्याला पाजू नका. झाड विषारी आहे, आणि औषधसुद्धा शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं. हे काम डॉक्टरांच्या हातचंच.

ही गाठ पसरते ती कुत्र्यांच्या मोकाट समागमातून. नसबंदी केली की ती वाट बंद होते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकलेली आहे, हे ग्रामसभेत आठवणीने सांगायला हरकत नाही. मादीची नसबंदी तरुणपणी केली तर म्हातारपणी स्तनांत होणाऱ्या गाठींचा धोकाही कमी होतो.

पिल्लाच्या तोंडातली मसं आणि मुलींची लस

लहान कुत्र्याच्या ओठांवर, हिरड्यांवर अचानक मसांचे घोस येतात. दिसायला भयंकर, पण बहुधा काही महिन्यांत आपोआप झडतात. कारण कुत्र्याचा पॅपिलोमा विषाणू. तो इतर कुत्र्यांना लागतो, माणसाला नाही. गंमत अशी की माणसाच्या जातीला या मसांचा मोठा फायदा झाला. विषाणूच्या नुसत्या कवचाच्या प्रथिनाची लस दिली तर मसं होतच नाहीत, हे १९९५ मध्ये बीगल कुत्र्यांवर सिद्ध झालं. त्याच तत्त्वावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस तयार झाली. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही भारतीय लस २०२३ मध्ये बाजारात आली, तिच्या मागेही हेच तत्त्व आहे.

फरशी, कुसळ, गांधीलमाशी

शहाबादी फरशीवर दिवसभर लोळणाऱ्या मोठ्या कुत्र्याच्या कोपरावर पाण्याने भरलेली मऊ पिशवी तयार होते. फोडू नका, खाली जाड गोणपाट टाका.

दिवाळीच्या आगेमागे पायाच्या बोटांमध्ये फोड आला आणि कुत्रं सतत चाटत असेल तर कुसळ शोधा. कुसळाच्या उलट्या दातऱ्यांमुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. कातडीत शिरलं की आतल्या आत प्रवास करतं आणि भलतीकडेच गळू होतं. बाभळीचा काटा निदान बिचारा टोचतो तिथेच थांबतो. भांडणात चावा बसला की तीन-चार दिवसांनी तिथे पू भरलेली गाठ येते. उघड्या जखमेवर माशी बसली तर दिवसभरात अंड्यांतून अळ्या निघतात. आसड्या पडल्या म्हणतात त्या ह्याच. वास आला की थांबायचं नाही.

तासाभरात तोंड सुजलं, डोळे मिटले, अंगभर गांधी उठल्या, तर गांधीलमाशी किंवा मधमाशी चावली असेल. हुंगणाऱ्या प्राण्याला ती नाकावरच चावते. श्वास घ्यायला त्रास दिसला तर एक मिनिटही घालवू नका. कोंबडी, गाय-म्हशीचं दूध यांचंही काही कुत्र्यांना वावडं असतं, पण त्याची खाज अशी तासाभरात नाही, महिनोन् महिने चालते.

आणि साबण. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा कितीतरी पातळ असतो, साधारण तीन ते पाच पेशींचा. तिची आम्लताही आपल्याहून कमी. कपड्याच्या वडीने घासून काढलेल्या कुत्र्याच्या पोटावर पू भरलेल्या पुळ्या आल्या तर नवल नाही. मधे केस गेलेला गोल चट्टा आणि कडेला खवले दिसले तर ते गजकर्ण, म्हणजे बुरशी. ती मात्र घरातल्या पोरांना पटकन लागते, तेव्हा कुत्र्याला कुशीत घेणं तेवढे दिवस बंद.

मऊ गाठीवर भरवसा ठेवू नका

वय झालेल्या, सुटलेल्या कुत्र्याच्या बरगडीवर मऊ, कातडीखाली सरकणारी गाठ म्हणजे बहुधा आवाळू. चरबीचा गोळा, निरुपद्रवी. 'बहुधा' हा शब्द इथे महत्त्वाचा. मास्ट सेल ट्यूमर नावाचा कर्करोग हुबेहूब तशीच गाठ घेऊन येतो. त्याच्या पेशींत हिस्टामिन भरलेलं असतं, त्यामुळे गाठ आज मोठी, उद्या लहान, परवा पुन्हा मोठी होते. मालकाला वाटतं, हळद लावल्याने उतरली! बोटाने चाचपून अनुभवी डॉक्टरलाही फरक सांगता येत नाही. बारीक सुई टोचून चार थेंब काचपट्टीवर घेतले की सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. कुत्र्याला भूल द्यावी लागत नाही, काम दोन मिनिटांचं. जबड्याखाली, खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना एकाच वेळी गाठी सुजल्या असतील तर त्या लसिकाग्रंथी. त्याही ताबडतोब दाखवा.

तेव्हा गाठ दिसली की शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा, तारीख लिहून ठेवा. वाटाण्याहून मोठी असेल, महिनाभर टिकली असेल, वाढत असेल, रंग बदलत असेल किंवा फुटली असेल तर सुईची तपासणी मागून घ्या. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून सुरुवात करा. गुंतागुंतीचं असेल तर जालना, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक १९६२.